कोर्स, कर्ज आणि घरकुल: नव्या नगरसेविकेने आधी काय धरावं?

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही नगरपरिषदेवर पहिल्यांदाच निवडून आलात. प्रभागात निम्मी वस्ती झोपडपट्टीची आणि गुंठेवारीची (शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट) आहे, आणि महिला व बालकल्याण समिती तुमच्याकडे येईल अशी चिन्हं आहेत. पोरांना काम, बायकांना प्रशिक्षण, सगळ्यांना घरकुल अशा अपेक्षा आहेत आणि पैसा थोडा. "शिलाईचा वर्ग काढून सुरुवात करू, की घरकुलाची यादी आधी हातात घेऊ?" असं तुम्ही विचारलंत. मी समुदाय संघटक म्हणून सुरुवात केली, पुढे नगरपरिषदांच्या उपजीविका कक्षात आणि शेवटी घरकुल कक्षात काम केलं. तिथे जे बघितलं त्यावरून लिहिते.

सरळ सांगायचं तर वर्ग सगळ्यात शेवटी काढा. प्रशिक्षण कुणीही देतं. आयटीआय देते, खाजगी संस्था देतात, बँकांच्या स्वयंरोजगार संस्था देतात. नगरपरिषदेकडे मात्र तीन गोष्टी अशा आहेत ज्या दुसऱ्या कुणाच्याच हातात नाहीत. एक, शहरातली जागा. दोन, नगरपरिषदेची स्वतःची कामं आणि खरेदी. आणि तीन, शिक्का मारलेला कागद. गरिबाच्या रोजगारावर आणि घरावर नगरपरिषदेचा खरा परिणाम होतो तो या तिन्हीतून. पण सभागृहात चर्चा होते ती वर्गाची, कारण वर्गाचं उद्‌घाटन करता येतं.

थोडी पार्श्वभूमी. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी जे अठरा विषय दिले, त्यात आर्थिक-सामाजिक विकासाचं नियोजन, झोपडपट्टी सुधार आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन हे तिन्ही आहेत. कागदावर म्हणजे हे आपलंच काम. पैसा मात्र कायम वरून आला. १९९७ मध्ये सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना आली, २०१३ मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्याला पुढे दीनदयाळ अंत्योदय हे नाव जोडलं गेलं. बचत गट बांधा, गटाला दहा हजारांचा फिरता निधी द्या, वस्तीतल्या गटांच्या मिळून झालेल्या वस्तीस्तर संघाला पन्नास हजार द्या, वैयक्तिक उद्योगाला दोन लाखांपर्यंत आणि गटाला दहा लाखांपर्यंत कर्ज मिळवून द्या, सात टक्क्यांवरचं व्याज शासन भरेल, महिला गटाने वेळेत फेडलं तर आणखी तीन टक्के सूट. ही रचना चांगली होती. ३० सप्टेंबर २०२४ ला त्या अभियानाची मुदत संपली आणि नवी योजना आधी निवडक २५ शहरांत प्रायोगिक म्हणून आली. तुमच्या गावात बांधलेले गट मात्र कुठे गेले नाहीत. त्यांची नोंदवही आणि बँक खाती आहेत, अध्यक्षबाईही वस्तीतच आहेत. मुख्याधिकाऱ्यांकडून गटांची यादी मागवा आणि प्रभागातले किती गट अजून दरमहा बचत करतात ते स्वतः जाऊन बघा. यादीत चाळीस असले तर जिवंत पंधरा सापडतील. त्या पंधरांवर काम करा.

आता शिलाईवर्ग. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकातले पाच टक्के राखून ठेवावे लागतात. ते मार्चअखेर खर्ची पडले पाहिजेत, म्हणून डिसेंबरात धावपळ होते, कुठली तरी संस्था येते, समाजमंदिरात पंचवीस-तीस जणींची बॅच बसते. दोन महिन्यांत ब्लाउज, परकर, पंजाबी ड्रेस. मग प्रमाणपत्रवाटप, नारळ, फोटो. जिच्या घरी आधीच मशीन होती ती थोडं सफाईने शिवायला लागते. बाकीच्यांची मशीन पलंगाखाली जाते. कारण त्या वस्तीत ब्लाउज शिवणाऱ्या आधीच पाच-सहा जणी असतात आणि गिऱ्हाईक तेच. तिथे आपण आणखी पंचवीस जणी उतरवल्या की आधी ज्यांचं बरं चाललं होतं त्यांचाही दर पडतो. मी एका वस्तीत अस्तराच्या ब्लाउजची शिलाई वर्गानंतरच्या वर्षी खाली आलेली बघितली आहे. महागाई वर आणि शिलाई खाली! वर्गाच्या अहवालात हे येत नाही, तिथे फक्त 'प्रशिक्षित लाभार्थी' मोजले जातात.

म्हणून आधी गिऱ्हाईक शोधा, मग हात शिकवा. आणि गावातलं एक मोठं गिऱ्हाईक तुमच्या स्वतःच्या इमारतीत बसलेलं आहे. नगरपरिषद वर्षभर काय काय विकत घेते याची यादी कधी कुणी काढत नाही. सफाई कामगारांचे गणवेश, सभांचा चहा-नाश्ता, निवडणुकीच्या वेळी मतदान कर्मचाऱ्यांचं जेवण, कापडी पिशव्या, बागेची निगा, सार्वजनिक शौचालयांची देखभाल, घरपट्टीची बिलं घरोघर पोचवणं. यातलं निम्मं काम बचत गट करू शकतात. शहरी पाणीपुरवठ्याच्या अमृत २.० योजनेत तर 'अमृत मित्र' म्हणून बागांची देखभाल, पाण्याची तपासणी अशी कामं गटांकडे देण्याची वाट केंद्रानेच काढून ठेवली आहे.

काम देताना दोन ठिकाणी गाडी अडते. पहिली जागा म्हणजे निविदेच्या अटी. तीन वर्षांची उलाढाल, अनामत, अनुभवाचा दाखला, जीएसटी क्रमांक हे सगळं गटाकडे नसतं. मग त्याच गटाच्या बायका ठेकेदाराकडे रोजंदारीवर तेच काम करतात आणि मधला मलिदा ठेकेदाराचा. किती रकमेपर्यंतचं काम निविदेशिवाय, नुसत्या दरपत्रकावर देता येतं ते मुख्याधिकाऱ्यांना विचारा आणि कामाचे तुकडे प्रभागनिहाय पाडता येतील का तेही बघा. (तुकडे पाडणं लेखापरीक्षणात आक्षेपाला कारण होतं, त्यामुळे कारण ठरावात स्पष्ट लिहून घ्या.) दुसरी जागा म्हणजे बिल. ठेकेदार चार महिने थांबू शकतो, गट नाही. गणवेशाचं कापड उधारीवर आणलेलं असतं, बायकांची मजुरी द्यायची असते, आणि फाईल लेखा विभागात 'त्रुटीपूर्ततेसाठी' पडून असते. मी बघितलेले बुडालेले बहुतेक गट काम न मिळाल्याने नाही, झालेल्या कामाचं बिल न मिळाल्याने बुडाले. गटांची बिलं पंधरा दिवसांत काढायची, असा ठराव करून घेतलात तर तो दहा वर्गांच्या तोडीचा होईल.

दराकडेही लक्ष ठेवा. २०२४-२५ मध्ये राज्याने शाळेच्या गणवेशांचं काम एकगठ्ठा काढलं, कापड वरून आलं आणि शिलाई बचत गटांकडे दिली. हेतू उत्तम होता. पण मिळणाऱ्या दरात शिलाई परवडेना म्हणून कित्येक ठिकाणी गट मागे हटले, गणवेश उशिरा आले, मापं चुकली, आणि पुढच्या वर्षासाठी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. गटांना काम द्यायचं असेल तर आधी एका नगाला किती वेळ लागतो ते दोन बायकांना शिवायला बसवून घड्याळावर बघा आणि मग दर ठरवा.

शहर स्वतः काम देतं तेव्हा काय होतं याचं आपल्याकडचं सर्वात ठळक उदाहरण पुण्यातलं 'स्वच्छ'. कचरावेचक बायकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून होती. २००८ मध्ये महापालिकेने त्यांच्या सहकारी संस्थेशी करार केला. दारोदारचा कचरा या बायका गोळा करणार, घरटी ठरलेलं शुल्क घेणार आणि सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचेच. त्या आधी जे काम उकिरड्यावर वाकून करत होत्या तेच आता ओळखपत्र गळ्यात घालून करू लागल्या. त्यांना कुणी नवं कौशल्य शिकवलं नव्हतं, कौशल्य होतंच. महापालिकेने दिली ती मान्यता आणि रस्ता. करार नूतनीकरणाच्या वेळी ओढाताण होते, ठेकेदार कंपन्यांची नजर असते, हेही खरं. तरीही हजारो बायकांचं पोट त्यावर चालतं.

जागेचा प्रश्न पथविक्रेत्यांच्या बाबतीत सर्वात उघडा पडतो. पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० ला सुरू झाली, पहिलं कर्ज दहा हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची फेररचना झाली. आता पहिलं कर्ज पंधरा हजार, फेडल्यावर पंचवीस हजार, मग पन्नास हजार, आणि मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत. व्याजावर सात टक्के अनुदान. ही योजना चांगली चालली, कारण कर्ज लहान होतं आणि फेडलं की पुढचं मोठं मिळत होतं. पण आमच्याकडे व्हायचं असं की उपजीविका कक्ष सकाळी एखाद्या केळीवाल्या मावशींना शिफारसपत्र द्यायचा, आणि त्याच आठवड्यात अतिक्रमण पथक त्यांची गाडी उचलून डेपोत टाकायचं. गाडी सोडवायला दंड, मधल्या दिवसांत केळी काळी पडलेली, आणि बँकेचा हप्ता पाच तारखेला. एकाच कार्यालयाची दोन टेबलं, मधे एक लाकडी पार्टिशन!

२०१४ चा पथविक्रेता कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे आणि तो फार थोड्या नगरसेवकांनी वाचलेला असतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी एकदा तरी झालं पाहिजे. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यातल्या एक तृतीयांश महिला. नाशवंत माल जप्त केला तर मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा. तुमच्या गावात समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि फेरीवाला क्षेत्रं नकाशावर आखली आहेत का, हे तीन प्रश्न पहिल्या सभेत लेखी द्या. उत्तरं बहुधा अस्वस्थ करणारी येतील. पण आठवडी बाजारात शंभर जणींना ठरलेली, सावलीची, पाणी असलेली जागा मिळाली तर त्याचा रोजगारावर जो परिणाम होईल तो कुठल्याही कोर्सने होणार नाही. आर्थिक विकास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एमआयडीसी येते, ती आणणं नगरपरिषदेच्या हातात नाही. भाजी मंडईचे ओटे कुणाला मिळतात हे मात्र पूर्ण हातात आहे. गाळ्यांचे लिलाव कुणी लढवले आणि पोटभाड्याने कुणाला दिले, हे एकदा मंडईत चहा पीत विचारून बघा.

कागदाचंही तसंच. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मजूर अड्ड्यावरच्या माणसाला रोज वेगळा मालक, तो दाखला आणणार कुणाकडून? नगरपरिषदेचा प्राधिकृत अधिकारी तो देऊ शकतो. द्यायला मात्र कचरतात, कारण खोट्या दाखल्यांची प्रकरणं झाली आहेत. मग सहीच नको, अशी भूमिका घेतली जाते आणि त्यात खरा गवंडी भरडला जातो. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, परीट, गवंडी अशा अठरा व्यवसायांना प्रशिक्षणात रोज पाचशे रुपये, पंधरा हजारांचं अवजारांचं व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने आधी एक, मग दोन लाखांचं कर्ज आहे. त्यातली पहिली पडताळणीही नगरपरिषदेकडेच असते. आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि एक ठरलेला माणूस या दाखल्यांसाठी मिळवून दिलात तर त्याला निधी लागत नाही.

एवढं झाल्यावर प्रशिक्षण. ते निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण बॅच भरली की नाही यापेक्षा सहा महिन्यांनी पोरगा त्याच कामावर आहे का, हे विचारा. कौशल्य योजनांत संस्थेचे काही पैसे नोकरी लागल्यावरच मिळतात, त्यामुळे कागदावर नोकऱ्या लागतात. मी एका संस्थेच्या फायलीत एकाच सुरक्षारक्षक एजन्सीची एकाच तारखेची नियुक्तीपत्रं बघितली आहेत. मुलं कोर्स शिवणकामाचा आणि संगणकाचा करत होती. आणि जिथे नोकरी खरी असते तिथेही पोरं टिकत नाहीत, याला आळस म्हणून मोकळं होऊ नका. कारखाना गावाबाहेर, पहिली पाळी सहाची, एसटी सातची. दोघातिघांनी मिळून खोली घ्यावी तर पगाराचा तिसरा भाग भाड्यात. घरी आई आजारी पडली की पोरगा परत येतो आणि संस्था 'ड्रॉपआउट' लिहिते.

जे चाललं ते असं. जिथे शिकणं आणि काम एकाच ठिकाणी होतं तिथे मुलं टिकली. शिकाऊ उमेदवारी कायद्याने तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. मोठ्या महापालिका घेतात. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा आणि विद्युत विभागातही वीजतंत्री, नळ कारागीर, पंपचालक लागतातच, मग आपल्या आयटीआयची मुलं तिथे का नकोत, हे विचारा. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन होतं. कित्येक नगरपरिषदांनी मुलं घेतली आणि त्यांना झेरॉक्स काढायला बसवलं. ज्या ठिकाणी एखाद्या ओव्हरसियरने मुलाला सोबत साइटवर नेलं, तिथे तो मुलगा नंतर ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागला. पुण्यात महापालिकेच्या जागांमध्ये तरुणांना कौशल्य शिकवणारी 'लाइटहाउस' केंद्रं चालतात, तिथली एक गोष्ट मला पटते. मुलगा आला की त्याला लगेच कोर्सला बसवत नाहीत. आधी काही आठवडे तो नेमकं काय करू शकतो आणि त्याला काय झेपेल यावर काम होतं, मग समुपदेशन, मग कोर्स. आपल्याकडे उलटं असतं. मंजूर झालेल्या कोर्सच्या खुर्च्या भराव्या लागतात म्हणून मुलं गोळा केली जातात.

घरकुलाकडे येते, कारण तुमच्या दारात सकाळी माणसं उभी राहणार ती यासाठीच.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २५ जून २०१५ ला सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून. स्वतःची जागा असलेल्या गरीब कुटुंबाला बांधकामासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, एकूण अडीच. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत, देशात कुठेही पक्कं घर नको, घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे, शहरात तिथेही अडीच लाख. हे सगळं तुम्हाला भित्तिपत्रकावर मिळेल. भित्तिपत्रकावर नसतं ते पुढे लिहिते.

'स्वतःची जागा' या दोन शब्दांत निम्मे अर्ज अडकतात. मिळकत पत्रिका वारलेल्या आजोबांच्या नावावर, खाली तीन काका, दोन आत्या, एक आत्या परगावी आणि तिचा बाकी घराशी अबोला. वारस नोंद झालेली नाही, वाटणी तोंडी. किंवा शेतातला गुंठा साठेखतावर (खरेदीखत न होता, नुसत्या विक्रीच्या करारावर) घेतलेला, सातबारावर अजून मूळ मालक. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मिळाली, पण शुल्क भरून फाईल पुढे सरकवणारं कुणी लागतं. शासकीय जागेवरच्या झोपड्यांचं धोरण वेगळं, तिथे १ जानेवारी २०११ ही तारीख बघितली जाते आणि पुरावा म्हणून जुनं वीजबिल, मतदारयादी, घरपट्टीची पावती चालते. म्हणून घरकुलाचा अर्ज भरण्याचं शिबिर घेऊ नका. वारस नोंदीचं आणि गुंठेवारीचं शिबिर घ्या. भूमी अभिलेखचा माणूस, तलाठी, नगररचनेचा एक जण आणि एक वकील अशी चौघं एका मांडवात बसवा. आत्याची समजूत घालायला तुम्ही स्वतः जा. नगरसेविकेचा शब्द तिथे कामाला येतो.

पैशाचं गणित आता. घर किमान तीस चौरस मीटर चटई क्षेत्राचं, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. साध्या बांधकामाला फुटाला दीड ते दोन हजार धरले तर खर्च पाच ते साडेसहा लाख. शासनाचे अडीच. उरलेले अडीच ते चार लाख कुठून येणार, हा प्रश्न मंजुरीपत्र देताना कुणी विचारत नाही. त्यात अनुदान हप्त्याने येतं आणि काम दाखवल्यावर येतं. अभियंता मोबाईल घेऊन येतो, बाई पदर सावरून जोत्यापुढे उभी राहते, गल्ली इतकी अरुंद की भिंत फोटोत मावत नाही, तो समोरच्याच्या ओट्यावर चढून जिओ टॅगिंग करतो, म्हणजे जागेच्या नोंदीसह फोटो काढतो. तो फोटो वर मान्य होऊन पैसे खात्यात पडेपर्यंत गवंडी थांबत नाही. जुनं घर पाडलेलं असतं, त्यामुळे शेजारच्या वस्तीत खोलीचं भाडंही चालू. मग आठवडी हप्त्याच्या गटकर्जाचा माणूस दारात येतो, वीस-पंचवीस टक्के व्याजाने. अशी दोन-तीन कर्जं एका घरावर चढली की स्लॅब टाकून होतो आणि बाईचं मंगळसूत्र गहाण पडतं. माझ्या यादीत लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत, येऊन थांबलेली घरं होती, त्यांच्या लोखंडी सळ्या गंजत बाहेर आलेल्या. तालुक्याच्या आढावा बैठकीत त्यांना 'प्रगतीपथावर' म्हणतात.

इथे उपजीविका आणि घरकुल ही दोन टेबलं एकत्र आणायची असतात. घर मंजूर झालेल्या प्रत्येक कुटुंबाचं महिन्याचं नियमित उत्पन्न किती, आधीचं कर्ज किती आणि बाई कुठल्या गटात आहे, एवढं एका कागदावर लिहून घ्या. जिच्या घरात दरमहा ठरलेली रक्कम येते तिला बांधकाम लगेच सुरू करू द्या. जिच्याकडे येत नाही तिला आधी गटातून, कामातून वर्षभर स्थिर होऊ द्या, मंजुरीच्या मुदतीत बसत असेल तर. हे बोलायला कठोर वाटतं आणि लोक तुमच्यावर रागावतील, "दुसरीचं आधी का?" म्हणून. पण अर्धवट घरापेक्षा थांबलेलं घर बरं. बांधकाम तुळशीच्या लग्नानंतर काढायला सांगा, म्हणजे पावसाआधी स्लॅब होतो. राज्याच्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, ती तहसीलमधून मिळवून देणं हे काही हजारांचं काम आहे. वस्तीतली दहा-बारा घरं एकदम काढली तर सिमेंट-सळई एका गाडीने येते आणि दुकानदार भाव कमी करतो. वस्तीस्तर संघ हे सहज करू शकतो.

जागेचा विचार करताना शहराबाहेरच्या मोठ्या प्रकल्पाची स्वप्नं जपून बघा. सोलापूरजवळ कुंभारीत आधी विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर नगरात दहा हजार घरं उभी राहिली आणि नंतर रे नगर, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. हे मोठं काम आहे आणि ते झालं कारण नरसय्या आडम मास्तरांची कामगार संघटना त्यामागे वर्षानुवर्षं उभी होती, सभासद आधी संघटित होते, घर नंतर आलं. अशी संघटना नसलेल्या गावात तोच आराखडा उचलला की शहरापासून लांब, बस नसलेल्या माळावर इमारती उभ्या राहतात आणि लोक घर कुलूप लावून ठेवून जुन्या वस्तीत भाड्याने राहतात. धुण्याभांड्याची चार घरं करणारी बाई लांब गेली की तिची दोन घरं सुटतात. विडी वळणारी किंवा पापड लाटणारी बाई घरातच काम करते, तिचं घर हाच तिचा कारखाना. याउलट येरवड्यात पुणे महापालिकेने बीएसयूपी या शहरी गरिबांसाठीच्या जुन्या केंद्रीय योजनेतून जागच्या जागी, गल्ल्या तशाच ठेवून, २७० चौरस फुटांची घरं बांधली. लाभार्थ्याचा हिस्सा दहा टक्के होता. शेजार, शाळा, काम काहीच सुटलं नाही. नगरपरिषदेच्या गावाला हाच नमुना झेपतो.

भाडेकरूंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या प्रभागात ते खूप असणार. त्यांना स्वतःची जागा नाही, म्हणून वरचं काहीच लागू होत नाही. ज्यांचं उत्पन्न थोडं बरं आहे त्यांना आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातलं व्याज अनुदान उपयोगी आहे: ३५ लाखांपर्यंतचं घर, २५ लाखांपर्यंत कर्ज, त्यातल्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. बँक मात्र उत्पन्नाचा पुरावा मागते आणि रिक्षावाल्याकडे तो नसतो. स्वनिधीचं किंवा गटाचं वेळेत फेडलेलं कर्ज त्याच्या बाजूने बोलतं. आणि अगदी तळाला जे स्टँडवर झोपतात त्यांच्यासाठी बेघर निवारा केंद्र असतं. तिथे रात्री दहा वाजता एकदा स्वतः जाऊन या.

क्रम पुन्हा विचारलात म्हणून एवढंच. अंदाजपत्रकाची विशेष सभा फेब्रुवारीत लागेल. तिच्या आधी गटांच्या बिलांचा ठराव, पथविक्रेता समितीची बैठक आणि वारस नोंदीच्या शिबिराची तारीख या तीन गोष्टी लेखी देऊन ठेवा आणि पोच घ्या. महिला-बालकल्याणाच्या पाच टक्क्यांतून शिलाई मशीनचा प्रस्ताव तरीही येईलच, ठेकेदार दोन महिने आधीपासून तयारीत असतो. त्याला नाही म्हणायचं असेल तर त्याच रकमेचा पर्याय तुमच्या हातात असला पाहिजे. मी असते तर सफाई कामगारांच्या गणवेशाचं काम गटांना देऊन त्यासाठी ओव्हरलॉक मशीनसह एक सामायिक शिलाई केंद्र मागितलं असतं.